चिंचेचा उतारा

महाशिवरात्रीच्या दुपारी बनाबाई वरीचा भात चुलीवरून उतरवत होती. तेवढ्यात तिच्या राजवर्धनचा दोस्त आदर्श त्याला रिक्षातून घेऊन दारात आला. तालमीत घुमलेला गडी, पण धड उभा राहीना.

"काय झालं रं ह्याला?"

"काकू, थंडाईत भांग हुती. मीच न्हेलतो त्याला. पयल्या गलासानं चढली न्हाय म्हणून ह्यानं लगीच आणि दोन मारलं. थांब की जरा, येळ लागतोय म्हटलं, तर म्हणतोय पैलवानाला एवढी भांग म्हंजे चूळ भराय!"

राजवर्धनचं काळीज सदऱ्यावरूनही उडताना दिसत होतं. "आई, मी मरतोय," तो म्हणाला आणि डोळे मिटून पडला. हाक मारली तरी नुसतं कण्हणं.

"दवाखान्यात न्हेऊया, काकू."

"आणि पेठंत बोभाटा करूया? आयतवारी त्याला बघाय गारगोटीचं पावणं येणार हाईत. भांगेला चिंचंचा उतारा. माझ्या सासऱ्याची तशीच उतरवत हुतो. तू जा घरला, कुणाजवळ बोलू नगंस."

आदर्श गेल्यावर तिनं चिंच कोळली. पोराला उताणं ठेवून, गाल दाबून पाणी ओतलं. पहिला घोट गेला. दुसऱ्याला तो ठसकला, ओकला आणि ओठ निळे पडले. मग मात्र तिनं शेजारी हाका मारून गोळा केले.

"ओकारी आणि पाणी फुप्फुसात गेलंय," दवाखान्यात डॉक्टरीणबाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या. "गुंगीतल्या माणसाला काही पाजायचं नसतं, मावशी. कुशीवर वळवून लगेच आणायचं."

आठवडा भरायच्या आत राजवर्धन गेला.

घरात बसलेल्या बायका आदर्शच्या नावानं बोटं मोडत होत्या. बनाबाई ऐकून घेत होती. एके सकाळी तो स्वतःच आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"आता आणि कशाला आलास रं?" एकीनं विचारलं.

"काकू, मीच मारलं त्याला," तो कसाबसा म्हणाला.

बनाबाईनं मान वर केली. गप्प राहिली असती, तर कुणाला कधीच कळलं नसतं.

"भांग उतरली असती, लेकरा. दवाखान्यात न्हेऊया म्हणालतास की तू. त्याच्या तोंडात चिंचंचं पाणी मी ओतलं."

तिच्या खांद्यावर ठेवलेला हात शेजारणीनं हळूच काढून घेतला.