जांभ्याची हवा

मेल्विना पडवीतल्या हवा मोजणाऱ्या यंत्रापासून पाइपचा माग धरत अंगणात उतरली. कौलांवर बांधलेलं त्याचं तोंड तिथे नव्हतं. पाइप वळसा घालून फ्रान्सिस्काआंटीच्या लेकाच्या, फ्रेडीच्या, खोलीच्या खिडकीत शिरला होता. फट चिंध्यांनी घट्ट बुजवलेली.

चार दिवस दर्याचा वारा माड वाकवत होता, तरी यंत्र जमिनीवरून आलेली हवा दाखवत होतं. पावसाळ्याची नोंद वाया जाणार म्हणून ती गोव्याहून धावत आली होती.

"आंटी, पाइप कोणी हलवलो?"

"मीच." फ्रान्सिस्काने सुपातून मान वर केली नाही. "पाइप हलवलो तेव्हा धावलंस. एरवी म्हयनोभर तोंड दाखवणंस नाय."

"पण कित्याक?"

"तूच सांगितलंस मा, मातयेतसून कसलो तरी वायू येता, दर्यावर तो नसता. म्हणान यंत्राक कळता, हवा खंयसून इली ती." तिने एक खडा बाहेर टाकला. "फ्रेडी बोटीर गेलो तेव्हापासून ती खोली उघडूक नाय मी. तेचो श्वास आसा थंय. काय सांगता यंत्र?"

"जमिनीची हवा," मेल्विना बोलून गेली.

सूप थांबलं.

"बघ. बोट बुडली, फ्रेडी गावलो नाय, तरी फादर म्हणतत मयताची मिस्सा घालूया, तेच्या आत्म्यासाठी प्रार्थना. आता सांगतंय तेंका. फ्रेडी खंयतरी जमनीर आसा."

मेल्विना भिंतीला टेकून उभी राहिली. पाठीला ओलसर जांभा लागत होता. तो वायू चार दिवसांत निम्मा होतो. फ्रेडीला जाऊन वर्ष होत आलं होतं; त्याच्या श्वासातलं काही उरणं शक्य नव्हतं.

"आंटी, ता ह्या दगडातसून येता. खंयचीय खोली बंद ठेवली तर यंत्र ह्याच सांगतला."

"रिकामी आसली तरी?"

"रिकामी आसली तरी."

फ्रान्सिस्काने सूप बाजूला ठेवलं. ती पदर झटकत उठली.

"जाताना इगर्जीकडे थांब," ती म्हणाली. "फादरांका सांग, आयताराक घाला मिस्सा."

मेल्विनाने पाइप हळूच ओढून काढला. ती तो परत कौलांवर बांधत असताना फ्रान्सिस्का खिडकीशी आली आणि पडलेल्या चिंध्या वेचून, एकेक करून, फटीत कोंबू लागली.

"उघडी ऱ्हवता नये," ती पुटपुटली. "दर्याची हवा आत जायत."

पडवीत यंत्राच्या पडद्यावरचा आकडा उतरू लागला होता; आता दर्याची हवा येत होती. आंटीला तो दिसू नये म्हणून मेल्विनाने पडदा भिंतीकडे वळवला.