पिंजऱ्यातली कवडी

माझ्या गोष्टीत जनावर मरत नाय. माणसं मरतात. पण कुत्रं, शेरडू, एकदा तर एक लंगडा बोका, सगळी शेवटपर्यंत जगतात. मला ती लई आवडतात, वाचणाऱ्यांनाही. मी पिकअप चालवतो. नारायणगाव मार्केटला टोमॅटोचे क्रेट खाली व्हायची वाट बघताना मोबाईल स्टेअरिंगला टेकवून लिहितो. नंबर आला की थांबतो. कादंबरी म्हणायला लाज वाटते, पण चाळीस भाग झालेत.

आमच्या डिंगोरे गावात माझी एकच पक्की वाचक. ठकूआत्या. तिला वाचता येत नाय, नात श्रेया मोठ्यांदा वाचून दाखवते.

एकोणचाळिसाव्या भागात मी बिबट्याचा पिंजरा टाकला. शेळीचा कप्पा वेगळा, मधे जाडजूड जाळी. बिबट्या येतो, दार पडतं, सकाळी शेळी निवांत पाला खात उभी. खरं सांगतो, तोवर मी पिंजरा आतून बघितलाच नव्हता. कुठंतरी ऐकलेलं, बाकीचं मनानं.

मग गावात वनखात्याचा खराच पिंजरा आला. आठवड्यात दोन कुत्री गेली होती आणि शाळेच्या वाटेवर ठसे उमटले होते. ट्रॉलीतून पिंजरा आमच्याच पोरांनी उतरवला आणि उतरवताना एका कोपऱ्यावर आदळला. वनखात्याचे गार्डसाहेब फोनवर म्हणाले, सकाळी येऊन तपासतो, तोवर जनावर बांधू नका. पण पिंजरा ज्याच्या उसाच्या कडेला होता तो दादाभाऊ ऐकेना.

"सकाळपत्तुर एखादं पोरगं उचललं म्हंजी? आजच बांधायची. कोण देतंय शेरडी, बोला."

दादाभाऊ एकेकाकडं बघू लागला.

"भिमाजी, तुझ्याकडं सात हायेत."

"सातीबी गाभण हायेत."

"बोकडबी का रं?"

सगळे हसले. शेळी काही कोणी देईना. तेवढ्यात ठकूआत्या आली, मागं दाव्याला कवडी. काळी शेळी, कानावर पांढरे ठिपके, म्हणून कवडी. तिच्याकडं तेवढी एकच.

"ही घ्या," आत्या म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "ज्ञाना, जाळी असती ना मधी?"

"असते आत्या."

"तू लिवलंयस म्हून देते. या मुडद्यांच्या भरवशावर न्हाई."

मी मान हलवली. तिथंच बोलायला पाहिजे होतं की आत्या, ते मी मनानं लिहिलंय. पण दादाभाऊ माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "लेखकराव लई कामाला आले राव!" आणि मला बरं वाटलं.

कवडीला मागच्या कप्प्यात बांधलं, पुढचं दार वर चढवलं आणि सगळे घाईनं घराकडं निघाले. सूर्य टेकला होता. मी वाकून जाळी बघितली. वेल्डिंगचे टाके सुटले होते. एक, दोन, तीन. सहा ठिकाणी. सगळ्यात खालचं भोक माझा पंजा सहज जाईल एवढं.

हाक मारायची तर सगळं सांगावं लागलं असतं. मी हाक मारली नाय.

पिकअपमधून टोमॅटोच्या मांडवाची तार आणि पक्कड आणली. बांधायचं आतून, म्हणजे बिबट्याच्या बाजूनं. मधे ती फळी, जिच्यावर पाय पडला की दार पडतं. फळीवरून तंगडी टाकून आत बसलो. पहिलं भोक आवळलं. दुसरं. हाताला घाम, पक्कड सटकत होती. पलीकडं कवडी पाला चघळत होती, तिचा श्वास माझ्या बोटांना लागत होता. तिसरं. चौथं. पाचवं.

कवडीचं चघळणं थांबलं.

पाला तोंडातच. दोन्ही कान उसाकडं. मी तिकडं बघितलं. वारा नव्हता, तरी उसाची एक ओळ हलली आणि थांबली.

मागचं दार उघडून कवडीला सोडायला दोन मिनिटं लागली असती. सहावं भोक बांधायला एक. मी फळी ओलांडली, पिकअपमध्ये बसलो, काचा वर केल्या आणि निघालो. मागून ती ओरडली. एकदाच.

घरी जाऊन आडवा झालो. जेवलोही नाय.

सकाळी बांधावर अर्धं गाव. दार पडलेलं, आत बिबट्या जाळीला धडका देत होता. माझ्या पाच गाठी टिकल्या होत्या. कवडी जिवंत होती, पार मागं गजांना चिकटून. डावा कान अर्धा नव्हता. मान रक्तानं माखलेली.

"ज्ञानानं लिवलं तस्सं झालं!" दादाभाऊ ओरडला. लोकं माझ्यासोबत फोटो काढायला लागली.

गार्डसाहेबांनी कवडीला मागून काढलं. आत्यानं पदर फाडून कानाला बांधला. मग ती जाळीसमोर, बिबट्या गुरगुरत असताना, जरा लांब खाली बसली आणि बघत राहिली.

"ती तार कुणी बांधली?"

"मी."

"पाच. खालचं दिसलं न्हाई व्हय?"

फोटोवाल्यांनी मोबाईल खाली घेतले.

"दिसलं व्हतं आत्या," मी म्हणालो. "ऊस हलला. मी पळालो. आन् पिंजऱ्याचं बी मी मनानंच लिवलं व्हतं."

तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दावं धरलं आणि कवडीला घेऊन गेली.

आता चार दिवस झाले. आज मार्केटमध्ये माझ्यापुढं अकरा गाड्या आहेत. मघाशी श्रेयाचा मेसेज आला: "आजी म्हणते, कानाचं लिहिणार असलास तरच पुढचा भाग मी तिला वाचून दाखवायचा."

पहिलं वाक्य झालंय. जाळीला सहा भोकं होती.