पवनचक्की अकरा वेळा जळली

मी एक जुना फासा आहे. मला हातात घेऊन खुळखुळवता येत नाही, कारण मी संगणकावरच्या एका खेळाच्या पोटात राहतो आणि नुसत्या आकडेमोडीचा बनलेला आहे. मित्रांनो, माझा संशय आला तर संकोच करू नका. मला भेटणारा प्रत्येक जण आधी संशयच घेतो. आता मीही कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही.

माझा जन्म तीन खोल्यांच्या एका कचेरीत झाला. मला घडवणाऱ्याला सगळे गुरुजी म्हणत, कारण खिडकी उघडतानाही तो त्यामागचे कारण समजावून सांगे. त्याची थोरली बहीण तिथेच खेळ तपासायचे काम करी. दिवसभर खेळायचे आणि सापडलेल्या चुका वहीत टिपायच्या. तिला सगळी कचेरी ताई म्हणे.

खेळ होता राजे-किल्ल्यांच्या काळातल्या एका गावाचा. खेळणाऱ्याने शेते वसवायची, तट बांधायचा, शत्रूला थोपवायचे. गावावर कोणते संकट कधी यायचे ते मात्र मी ठरवी. एका वर्षात तीन संकटे आली, की गावकरी औषधी मुळ्या विकणाऱ्या म्हातारीकडे बोट दाखवून ओरडत, "हिनेच चेटूक केलं!" तिला ठेवायचे की हाकलायचे, हे मग खेळणाऱ्याने ठरवायचे. त्या बिचारीने काहीच केलेले नसे. सगळे उद्योग माझे! ताईला हा भाग मुळीच आवडत नसे. "ती म्हातारी काढून टाक रे," असे ती भावाला दोनदा म्हणाली होती.

माझे एक गुपित सांगतो. डाव सुरू होताना मला एक आकडा द्यावा लागतो आणि त्यावरून मी पुढचे सगळे आकडे काढतो. दर डावाला नवा आकडा मिळाला, की गावाचे नशीब नवे. आकडा तोच राहिला, की नशीबही तेच.

खेळ बाजारात जायला दोनच आठवडे उरले होते. ताईच्या संगणकावर तिसऱ्या वर्षी गारा पडल्या, गुरे मेली आणि पवनचक्की जळली. पुढच्या डावातही तेच. असे अकरा डाव झाले आणि अकराही वेळा म्हातारीवर आळ आला. ताईने वहीत लिहिले, 'फासा लबाड आहे.' मला फार लागले ते. गुरुजीने आपल्या संगणकावर वीस डाव खेळून पाहिले, तर प्रत्येक डाव वेगळा निघाला. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"ताई, तू खेळाच्या आत काही ढवळाढवळ केलीस का?"

"मी? तू संगणकासाठी लिहितोस त्या ओळी मला वाचता तरी येतात का?"

"म्हातारी नकोच होती ना तुला? तो भाग बिघडला, की मला काढावाच लागेल."

ताईने वही मिटली. "म्हणजे तुझं ठरलंय."

मग कुजबुज सुरू झाली. ताई एकदा गुरुजीच्या खुर्चीत बसली होती, हे खेळाच्या चित्रकाराला आठवले. ती आली की हमखास वीज जाते, असा शोध हिशेबनिसाने लावला. दुसऱ्या दिवशी ताईला मागच्या खोलीत माहितीपुस्तिका वाचायला बसवले. खरे काय ते मला ठाऊक होते, पण मला तोंड नाही. मी नुसता तळमळत राहिलो.

पाचव्या दिवशी ताई बाहेर आली. "माझ्या खुर्चीत बस आणि तू खेळ," ती भावाला म्हणाली. "मी दाराशी उभी राहते. कशालाही हात लावत नाही."

तो खेळला. गारा, गुरे, पवनचक्की. त्याचा चेहरा उतरला. त्याने ताईच्या संगणकावरच्या माझ्या ओळी उघडल्या. तिथे सुरुवातीचा आकडा पक्का बसवलेला होता आणि शेजारी त्याचीच टीप होती: 'तात्पुरते. चूक पुन्हा तशीच घडवून तपासता यावी म्हणून आकडा एकच ठेवला आहे. ताईला सांगायचे.' ते सांगायचे तो साफ विसरला होता.

"चुकलं माझं, ताई," तो मान खाली घालून म्हणाला.

"विसरलास त्याचं काही नाही रे. पण 'तुला काय दिसतंय' असं तू विचारलंच नाहीस. 'तू काय केलंस' एवढंच विचारलंस."

ताई आपल्या जागी परत आली. पण चूक सापडली, की वहीत लिहिण्याआधी ती कुणाला तरी हाक मारते, संगणकाचा पडदा दाखवते आणि मगच लेखणी उचलते. एवढी वर्षे झाली, ही सवय सुटलेली नाही.

मित्रांनो, मला खुशाल लबाड म्हणा, माझे काही बिघडत नाही. माणसाचे मात्र बिघडते. म्हणून एवढेच मागणे आहे, की कुणाकडे बोट दाखवण्याआधी एकदा त्याच्या खुर्चीत बसून बघा. गुरुजीही बसला, पण पाच दिवस उशिरा.