दीड सेंटिमीटर

"एक्स-रे तर सुरेख आहे, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. एक्स-रे सुरेखच होता. प्रश्न समोर उभ्या असलेल्या बाईचा होता, आणि तिच्याकडे त्यांनी अजून एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं.

ती बाई म्हणजे मी. याच माणसाच्या हाताखाली ऑपरेशन थिएटरात आणि या तपासणीच्या खोलीत एकोणीस वर्षं काढली. खुब्याचा सांधा बदलायची वेळ माझ्यावर आली तेव्हा दुसऱ्या कुणाचं नावसुद्धा मनात आलं नाही. ऑपरेशनला आता तीन महिने झाले. जुनं दुखणं गेलं, ते श्रेय त्यांचं, मी नाकारत नाही. पण डावा पाय लांब झाला. सरळ उभी राहायला गेले की डावा गुडघा आपोआप दुमडायचा, कंबर एकीकडे आणि खांदा भलतीकडे. दुपारपर्यंत पाठ धरायची. आमच्या ह्यांनी तर कौतुकानं सांगितलं, की तू आल्याचं आता पावलांवरूनच कळतं. तळपायाची आग मस्तकात गेली. कुठल्या तळपायाची ते विचारू नका.

मला हवं होतं ते एवढंच, की पाय लांब झालाय हे त्यांनी कागदावर लिहावं. लिहिलं तर उजव्या बुटाला उंची लावून मिळणार होती, आणि थिएटरात पाच-पाच तास उभं राहण्याऐवजी बसून करायचं काम. नाही लिहिलं तर सोमवारपासून पुन्हा थिएटर. त्यांनी 'कामास योग्य' एवढं लिहून पेनाला टोपण लावलंसुद्धा.

"सर, मोजा तरी."

"मनातून काढून टाका. होईल सवय," ते म्हणाले. "इतकी वर्षं तुम्हीच तर पेशंटना हे सांगत आलात."

टोमणा नव्हता तो. खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

मी मावशींना हाक मारली आणि ठोकळे आणायला सांगितले. आखूड पायाखाली अर्ध्या सेंटिमीटरचा एकेक पातळ लाकडी ठोकळा सरकवत जायचं, कंबर दोन्हीकडून सारखी झाली की ठोकळ्यांची जाडी मोजायची. दोन मिनिटांचं काम. पण गर्दी असते म्हणून आम्ही ते कधीचे कपाटात टाकून दिले होते. मावशींनी धूळ पुसली. तिसरा ठोकळा उजव्या पायाखाली गेला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मी सरळ उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं. त्याचाही रागच आला.

"दीड सेंटिमीटर," मी म्हणाले. "लिहा."

डॉक्टर उठले. माझ्या कमरेवर दोन्हीकडून हात ठेवून त्यांनी नीट पाहिलं. सांधा निसटू नये म्हणून कधीकधी पाय थोडा लांब ठेवावा लागतो, असं काहीतरी पुटपुटले. ते मलाही ठाऊक आहे. मग आधी सांगायला काय झालं होतं? पण त्यांनी लिहिलं, खाली सही केली.

जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. डोक्यात चित्रकलेच्या बाई येऊन बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी याच ऑपरेशननंतर त्या चार वेळा आल्या. पाय लांब वाटतो, फळ्यापाशी उभं राहवत नाही म्हणायच्या. चौथ्या वेळी मी त्यांना आत सोडलंच नाही. पाय ठीक आहे, आता डोकं तपासून घ्या, असं दारातच सुनावलं. रांगेतले लोक हसले. मीही हसले. डॉक्टरांना यातलं काही माहीत नाही, ही करामत माझी एकटीची.

रेकॉर्डच्या कारकुनाकडून नंबर काढून घेतला. फोन बाईंनीच उचलला. मी कोण ते सांगितलं, त्या दिवशी चुकलं म्हणाले, पाय मोजायला या म्हणाले.

"शाळा सोडली मी, सिस्टर," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आता खाली उतरणंही होत नाही."

"मग मी येते."

"तिसरा मजला आहे. लिफ्ट नाही."

"चालेल," मी म्हणाले. "मला वेळ लागेल. दार उघडं ठेवा."