नाचऱ्याचा फोटो

चष्म्याच्या दुकानदाराला पक्ष्यांचं वेड लागून जेमतेम वर्ष झालं होतं, पण सासरच्या मंडळींत तो जाणकार म्हणून मिरवायचा. सुट्टीत सगळे तळ्याकाठच्या लॉजवर उतरले, तेव्हा सासूबाईंनीच विषय काढला.

"जावईबापू, आम्हालाही दाखवा की एखादा पक्षी. ती दुर्बीण काय नुसती गळ्यात लोढणं म्हणून बाळगता?"

सकाळी चहा घेऊन वरात पायवाटेला लागली. पुढे तो, मागे बायको आणि मेहुणा, सगळ्यांत शेवटी सासूबाई, रमतगमत. बदकांची एक जोडी सोडली तर कोणी दर्शन दिलं नाही.

"आपण येणार हे त्यांना कळवलं नव्हतं वाटतं," मेहुणा म्हणाला. सगळे हसले. चष्मेवाल्याला ते हसणं झोंबलं.

तेवढ्यात झुडपातून नाचऱ्याची शीळ आली. पक्षी मात्र दिसेना. त्यानं मोबाइल काढला आणि नाचऱ्याचीच रेकॉर्ड केलेली शीळ मोठ्यानं लावली. आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसलाय असं वाटून पक्षी बाहेर येतो, हे त्याला ठाऊक होतं. घरटी भरलेली असताना असं करू नये, हेही ठाऊक होतं.

नाचरा आला. शेपटीचा पंखा फुलवून या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारू लागला. पाठोपाठ त्याची मादीही आली.

"अगंबाई, कसा नाचतोय. आपल्यासाठीच जणू." सासूबाईंनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. "पुन्हा लावा हो."

त्यानं पुन्हा लावली. मग आणखी एकदा. फोटो झकास आला.

त्या दोघांच्या पाठीमागे एक कावळा सावकाश त्या झुडपात शिरला आणि चोचीत गुलाबी, लोंबतं काहीतरी घेऊन उडाला. लगेच परत आला, दुसरं घेऊन गेला. नाचऱ्यांची जोडी धावली तोवर उशीर झाला होता. बायकोनं आधी फोनकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"काय नेलं हो त्यानं?" सासूबाईंनी विचारलं.

"किडा असेल," तो म्हणाला.

दुपारी जेवताना मेहुण्यानं तो फोटो टेबलाटेबलावर फिरवला. लॉजची मालकीण तर बेहद्द खूश झाली. "मला पाठवा. मोठा करून इथेच भिंतीवर लावते. खाली तुमचं नाव घालते."

त्यानं हातातला घास पानात परत ठेवला. "नको."

"का हो?"

"तो नाचत नव्हता. भांडायला आला होता. मी खोटी शीळ वाजवून दोघांना घरट्यापासून लांब आणलं. कावळ्यानं त्यांची पिल्लं नेली. किडा नव्हता तो."

मेहुण्यानं फोन पालथा ठेवला. मालकीणबाई टेबलावरचा भरलेला जग उचलून पाणी आणायला गेल्या. बायको पानातला भात नुसताच चिवडत राहिली.

"मी पुन्हा लावा म्हणाले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं हे?" सासूबाईंनी विचारलं.

"पहिल्यांदा लावली तेव्हाच माहीत होतं."

"मग मला का सामील करून घेतलंत? मी टाळ्या पिटल्या हो."

त्याची कानशिलं तापली होती. माफी मागायला तोंड उघडलं, पण कोणाची मागायची तेच सुचेना.

संध्याकाळी सगळे फिरायला निघाले. त्याला कोणी बोलावलं नाही. बायको दारातून परत फिरली. "चल. खोलीत तोंड लपवून बसलास तर उद्या बाहेर पडणं आणखी जड जाईल."

तो गेला, पण सगळ्यांच्या मागे. ते झुडूप लांबवर दिसताच सासूबाई पायवाट सोडून चिखलातून वळसा घालून चालू लागल्या. बाकीचेही त्यांच्या मागे गेले. पलीकडे पोचल्यावर त्या थांबल्या.

"पुन्हा घरटं करतील का हो ती?"

करतात, अगदी नक्की करतात, असं त्याच्या ओठांवर आलं होतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"हं," म्हणून त्या पुढे निघाल्या. तो चिखलानं भरलेली पावलं ओढत मागून चालत राहिला.