ऊसतोडीपुरता तह

निळं बटण अजून लंडनवरच होतं... चार भोकांचं, कोटाला लावतात तसलं, कानिफनाथाच्या रशियाच्या फौजेचं. सूर्यभानने ते बोटाने जरासं सरकवलं — नको, पुन्हा जागेवर ठेवलं. मशीनवर कुणाचा तरी सदरा बाह्यांवाचून पडला होता, आणि हा तिसगावचा शिंपी मांजरपाटावर काढलेल्या जगाच्या नकाशाकडे टक लावून बसलेला!

वेडच ते, तीन वर्षांचं. वहीत सगळं तारीखवार : एक्क्याऐंशी साली तिसरं महायुद्ध सुरू होणार, त्र्याऐंशीत जपान पडणार... रेडिओवरच्या बातम्या ऐकून सूर्यभानने पुढची सालं रचायची आणि दोस्तांनी त्या सालांत राज्य करायचं. पुंजाराम अमेरिका, कानिफनाथ रशिया. रशिया झाला की कानिफनाथाची मान खरोखर ताठ व्हायची. बायको जेवायला बोलवायला आली तरी "राज्यकारभार चाललाय" म्हणून तिला परत पाठवायचा. पण दसरा झाला की दोघंही बैलगाडीत संसार भरून ऊस तोडायला जाणार, ते थेट उन्हाळ्यात परतणार — मग महायुद्ध चालवायचं कुणी? म्हणून दर वर्षी ऊसतोडीपुरता सगळ्या जगाचा तह. बॉम्ब टाकायला निघालेली विमानं माघारी. सूर्यभानला लढायांपेक्षा हे तहच जास्त आवडायचे... सहा महिने एकट्याने मशीन चालवताना त्याला वाटायचं, आत्ता सगळ्या खंडांवर असंच पिवळं ऊन पडलं असेल, तोफांच्या सावलीत शिपाई फाटके सदरे शिवत बसले असतील, आणि कुणीतरी परत यायचं आहे म्हणून सगळं थांबलं असेल. पाय धड असता तर तोही कोयता घेऊन गेला असता. लहानपणी तापात वाळला डावा पाय... असो.

यंदा मात्र कानिफनाथ परत येणार नव्हता. साखर कारखान्यावर पहारेकऱ्याची कायमची नोकरी, राहायला खोली. सकाळीच सांगून गेला होता, "गाड्या जुपायच्या आत लढाईचा निकाल लाव गड्या. मला अर्ध्यात सोडून जायाचं न्हाई." तेव्हापासून सूर्यभान नुसता धुमसत होता. निकाल लिहिला की संपलं. नाही लिहिला तर रशिया बेवारशी. जिंकू द्यावं का त्याला? जिंकून गेला तर कशाला आठवण काढेल? हरवलं तर... हरलेला माणूस डाव मागायला परत येतो. हे मनात आलं आणि सूर्यभानला स्वतःचीच लाज वाटली.

बाहेर बैलांची घुंगरं वाजली. कानिफनाथ नव्या पटक्यात दारात उभा.

"झालं का रं? काय लिव्हलंस?"

"शहाऐंशी साल काढलंय."

कानिफनाथाने वही ओढली. "कोरंच हाय की!" तो उंबऱ्यावर टेकला आणि उगाच हसला. "शहाऐंशीला माझं पोरगं माझ्याएवढं व्हईल. आन तू रं? तू कुठं हायस त्या साली?"

"मी? मी तर लिव्हनारा."

"लिव्हनारा बी कुठंतरी ऱ्हातच असंल की, मर्दा!"

"अवो, चला, मुकादम वरडतोय!" त्याची बायको भागूबाई गाडीतून ओरडली. कानिफनाथाने सूर्यभानचा खांदा घट्ट दाबला आणि निघाला. निकाल विचारायचा राहूनच गेला.

धुरळा खाली बसला तरी सूर्यभान तसाच. शहाऐंशी... म्हणजे आपण सेहेचाळीस वर्षांचे. इतक्या देशांची राखरांगोळी केली, राजधान्या हलवल्या, आणि आपण मात्र याच दुकानात, याच स्टुलावर? तीन वर्षांत हे एकदाही सुचू नये! सकाळपासून राग येत होता, तो कानिफनाथ जातो याचा नव्हताच — त्याने "चलतोस का" म्हणून विचारलं नाही याचा होता. पण त्याने का विचारावं? आपण तरी कधी तोंड उघडून "येतो" म्हटलं होतं? कारखान्यावरच्या माणसांनाही सदरे लागतच असतील, आणि कारखाना काही रशियाएवढा लांब नव्हता... इतकी साधी गोष्ट, आणि ती आज, गाड्या गेल्यावर कळत होती. येतो, तो हळूच म्हणाला, रिकाम्या दुकानात, आवाज कसा लागतो ते बघायला.