सांध्यांची रुंदी

साईनाथ मिस्त्रीनं हॉलमधला टीपॉय पायानंच बाजूला सरकवला आणि फरशीवर टाइल मांडायला घेतल्या. तळहाताएवढ्या, फिकट हिरव्या. आधी एकाखाली एक, सरळ ओळीत. मग शेजारी दुसरा नमुना, विटांच्या भिंतीसारखा, वरच्या दोहोंच्या मधोमध खालची एक. मांडून झाल्यावर तो कमरेवर हात ठेवून मागे सरकला, रांगोळी पुरी झाल्यावर बायका सरकतात तसा.

मैत्री सोफ्यावरून उठलीही नाही.

"विटांचा," ती म्हणाली. "आणि जॉइंट दोन एमएमचा. त्यापेक्षा केसभरही जास्त नको."

शैलाला बरं वाटलं. बिबवेवाडीच्या या फ्लॅटमध्ये दोघी बहिणींनी अर्धं आयुष्य काढलं होतं. पडद्यांपासून पोळ्यांच्या तव्यापर्यंत सगळं धाकटीनं ठरवायचं आणि थोरलीनं त्याला नावं ठेवायची, अशी कामाची सरळ वाटणी होती. गेल्या हिवाळ्यात, पन्नाशी उलटल्यावर, मैत्रीनं लग्न केलं आणि ती अभयरावांच्या येरवड्याच्या घरी गेली. तेव्हापासून शैलाला नावं ठेवायला काही उरलं नव्हतं. आता बाथरूमची ओल खालच्यांच्या छतात उतरली म्हणून सगळं खणून नवं करायचं होतं. उद्यापासून तोडफोड. टाइल निवडायला ये, असं काही तिनं मैत्रीला म्हटलं नव्हतं. फक्त फोनवर सांगितलं होतं की साईनाथ मंगळवारी येतोय आणि मला यातलं काही कळत नाही.

मैत्रीचं लग्न शैलानंच लावून दिलं होतं, म्हणजे जवळजवळ ढकलून. ताई एकटी पडेल, या एका कारणावर मैत्री कितीतरी दिवस अडून बसली होती. शेवटी शैलानं सांगून टाकलं की तुझ्या घोरण्यातून सुटले तर मी पेढे वाटीन. वाटलेही, सोसायटीत घरोघरी. त्यामुळे आता एकटीचे दिवस कसे जातात ते मैत्रीला कळू द्यायचं नाही, एवढं पथ्य तिनं कसोशीनं पाळलं होतं. मैत्रीचा फोन आला की ती घाईत असे. कधी भिशीला निघालेली असे, कधी योगासनांना. फोन ठेवला की बातम्या लावायची, कारण घरात कुणीतरी बोलायला हवं.

साईनाथ जॉइंटचं, म्हणजे दोन टाइलमधल्या फटीचं, समजावून सांगत होता. दोनचा जॉइंट दिसतो झकास, पण त्यात भिंतीचं माप बसत नाही, एका कडेला दोन बोटांची पट्टी उरते आणि तिथे टाइल कापून लावावी लागते. विटांच्या नमुन्यात तर दर दुसऱ्या ओळीला अर्धा तुकडा आलाच. जॉइंट रुंद घेतले तर पट्टी उरत नाही, पण रुंद जॉइंट काळे पडतात, सारखे ब्रशनं घासावे लागतात. मैत्रीनं शैलाच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं. तो हात हल्ली वर होत नसे.

"मग दोनच," ती म्हणाली.

"तुकडे कुठं घ्यायचे तेवढं सांगा मग," साईनाथ म्हणाला. "आपली पद्धत अशी हाय, माणूस आत शिरला का समोर अख्खा माल दिसला पायजे. तुकडे दाराआडच्या भिंतीला. दार उघडं असलं का झाकून जात्यात."

तिघं बाथरूमपाशी गेले. साईनाथनं दार आत ढकलून भिंतीला टेकवून दाखवलं.

"म्हणजे कडी लावली की समोर तुकडेच," मैत्री म्हणाली. "आंघोळ करताना रोज तेच बघायचं का हिनं?"

शैलाला हे एकदाचं मिटवून चहा टाकायचा होता.

"घ्या हो तिथंच," ती म्हणाली. "मी कुठं दार लावते."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. वाफ कोंडते, असं काहीतरी तिनं घाईनं जोडलं. पण मैत्रीचं लक्ष आता उंबऱ्याबाहेरच्या पाटाकडे गेलं होतं. जेवायला बसायचा जुना पाट. शेजारच्या भिंतीतून चार्जरची वायर त्याच्यावर आली होती.

"हा इथं कशाला?"

"फोन ठेवायला."

"खाली?"

घसरून पडलेल्या माणसाचा हात कुठवर पोचतो, हे शैलानं एकदा बाथरूमच्या फरशीवर आडवं होऊन पाहिलं होतं. ते सांगण्यासारखं नव्हतं.

मैत्री पाटाकडे बघत राहिली. मग साईनाथकडे वळली.

"या भिंतीला एकही तुकडा नको. काय करावं लागेल?"

"सरळ ओळी, अन् जॉइंट चारचा. पर घासायला लागंल. आत्ताच सांगतो, मागनं फोन करायचा नाय."

"मी घासीन."

"येरवड्याहून येऊन?" शैलानं विचारलं. "तिकडे बाथरूम नाही वाटतं तुला घासायला."

"तिकडे बाई आहे," मैत्री म्हणाली. "स्वयंपाकाला वेगळी आहे. कुंड्यांना पाणी घालायलासुद्धा एक माणूस येतो." ती हॉलमध्ये आली, खाली बसली आणि विटांच्या नमुन्यातली एक टाइल उचलून तिची कड अंगठ्यानं पुसत राहिली. "अभय दिवसभर वाचत असतात. चांगले आहेत."

पुढे काहीतरी येईल म्हणून शैला थांबली. मैत्रीचं वाक्य इतक्यावर कधी संपत नसे. त्यांचा चष्मा, त्यांचा चहा, त्यांचं ते रेडिओचं वेड, कशाला तरी ती नावं ठेवील असं तिला वाटलं. मैत्रीनं ती टाइल ठेवून दुसरी उचलली.

सोफ्याला धरत धरत शैला तिच्या शेजारी फरशीवर टेकली.

"साईनाथ, चारचा नको," ती म्हणाली. "पाचचा घ्या."

"चारात बसतंय की, मॅडम. पाच केला तर कडेची टाइल जराशी घासून घ्यावी लागंल. अन् मळ आणखी धरंल."

"धरू दे."

साईनाथनं मान हलवली, ती पटल्यासारखी नव्हती. खिशातली पेन्सिल काढून त्यानं टाइलच्या रिकाम्या खोक्यावर पाच लिहिलं.

"अन् जॉइंटात भरायचं ग्राउट करड्या रंगाचं टाकतो," तो म्हणाला. "त्यात घाण दिसत नाय."

"पांढरं," मैत्री म्हणाली.